शेअर ‘सस्पेंड’ का होतो, आणि झाला तर भागधारकाने काय करायचं

“दादा, विकायला टाकला की ऑर्डर परत येते. ॲप बिघडलंय का बघा ना जरा.”

डीमॅटच्या काउंटरवर बसून मला सोळा वर्षं झाली. हे वाक्य मी अजूनही महिन्यातून एकदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा ॲप धडधाकट असतं. एक्स्चेंजने त्या कंपनीच्या शेअरचे व्यवहार थांबवलेले असतात आणि समोरच्या माणसाला ते आठ-दहा महिन्यांनी कळतं. तोवर जे करता आलं असतं त्यातलं बरंचसं हातातून निसटलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे.

आधी एक भीती दूर करू. व्यवहार थांबले म्हणजे तुमचे शेअर जप्त झाले असं नाही. ते तुमच्या डीमॅटमध्येच असतात आणि मालकही तुम्हीच असता. कंपनीने लाभांश दिला तर तो तुमचा, सभेतलं मत तुमचं. फक्त बाजाराचं दार लागलेलं असतं. शिवाय वरचं किंवा खालचं सर्किट लागणं ही वेगळी गोष्ट आहे. सर्किटमध्ये शेअर चालू असतो, समोर घेणारा किंवा विकणारा नसतो इतकंच. २३ मार्च २०२० ला अख्खा बाजार ४५ मिनिटं थांबला होता, तेही वेगळं. तो सगळ्या बाजारासाठीचा ब्रेक होता. आपण बोलतो आहोत ते एकाच कंपनीचं नाव घेऊन एक्स्चेंज दार लावतं त्याबद्दल.

पहिलं काम: कारण आणि तारीख शोधा

बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव किंवा तिचा सहा आकडी स्क्रिप कोड टाका. कंपनीच्या पानावर व्यवहार स्थगित असल्याची ओळ दिसते आणि बहुधा तिथेच कारणाचा प्रकार असतो. ‘प्रोसीजरल’ असेल तर व्यवहार एखाद्या प्रक्रियेचा भाग म्हणून थांबलेत. ‘पीनल’ असेल तर ती शिक्षा आहे. या एका शब्दावर तुमचं पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून तो शोधल्याशिवाय कोणाला फोन करू नका आणि कोणाचा सल्लाही ऐकू नका.

त्याच पानावर कंपनीच्या घोषणा आणि एक्स्चेंजच्या नोटिसा असतात. शेवटच्या दहा-बारा घोषणा वाचा. व्यवहार कोणत्या तारखेपासून थांबले ती तारीख वहीत लिहून ठेवा. शिक्षेचं प्रकरण असेल तर पुढचे सहा महिने त्या तारखेपासूनच मोजले जातात.

मग कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर जाऊन कंपनीची स्थिती पाहा. तिथे ‘ॲक्टिव्ह’, ‘स्ट्राइक ऑफ’, ‘अंडर लिक्विडेशन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. एक्स्चेंजचं पान सांगतं शेअरचं काय झालं, हे पान सांगतं कंपनीचं काय झालं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

प्रक्रियेमुळे थांबलेला शेअर

यात घाबरण्यासारखं काही नसतं. विलीनीकरण, विभाजन, भांडवलाची फेररचना असं काही होताना जुना शेअर बंद करावाच लागतो. एचडीएफसी लिमिटेडचं उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ ला ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि १३ जुलैपासून तिचा शेअर बाजारातून गेला. त्या आठवड्यात आमच्याकडे नुसती रीघ लागली होती. खरं तर प्रत्येक २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळणार होते. ज्याच्याकडे १०० होते त्याच्या खात्यात १६८ आले. इथे तुम्ही करायचं काहीच नसतं, फक्त रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्याच्या खात्यात शेअर असतील त्यालाच नवे मिळतात) आणि प्रमाण लिहून ठेवायचं आणि नवे शेअर आले की मोजून घ्यायचे.

दिवाळखोरीतून थांबलेला शेअर

कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली की तिचा शेअर लगेच बंद होतो, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली. त्यानंतर कित्येक वर्षं तिचा शेअर बाजारात हातोहात फिरत होता. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायचा, आदेश दिला. शेअरचे व्यवहार बहुधा शेवटच्या टप्प्यात थांबतात, म्हणजे कंपनी घेणाऱ्याची योजना मंजूर झाल्यावर किंवा अवसायनाचा आदेश निघाल्यावर.

यात सर्वाधिक होरपळ झालेली मी पाहिली ती गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये. जून २०२१ च्या पहिल्या आठवड्यात न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने पिरामल समूहाची योजना मंजूर केली. बातमी चांगली वाटत होती. ‘मोठा समूह आला, आता शेअर उभा राहील’ म्हणून लोकांनी त्या दोन-चार दिवसांतही शेअर घेतले. योजनेत मात्र जुन्या भागधारकांचे शेअर पूर्णपणे रद्द होणार होते, एक पैसाही न देता. १४ जूनपासून व्यवहार थांबले आणि पुन्हा सुरू झालेच नाहीत. कंपनी वाचली, तिचं कर्जवाटप चालू राहिलं, भागधारकाचं मात्र खातं शून्यावर आलं. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटण्याचा क्रम आहे आणि त्यात समभागधारक सर्वांत शेवटी येतो. बँकांची देणी पूर्ण फिटत नसतील तर शेवटच्या माणसापर्यंत ताट पोहोचणार कसं?

दुसऱ्या टोकाला रुची सोया आहे. पतंजलीची योजना मंजूर झाल्यावर जुन्या भागधारकाला १०० शेअरच्या जागी १ मिळाला. काही काळ थांबलेले व्यवहार २७ जानेवारी २०२० ला पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव १७ रुपयांच्या आसपास होता. जून संपेपर्यंत तो दीड हजारांवर गेला. यावरून ‘बुडालेला शेअर धरून ठेवला की सोनं होतं’ असा धडा कोणी घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. जवळपास ९९ टक्के शेअर नव्या मालकांकडे होते आणि बाजारात फिरायला जेमतेम एक टक्का उरला होता. इतक्या थोड्या मालावर ठरलेल्या भावाला भाव म्हणणंच अवघड आहे.

अशा प्रकरणात एकच कागद वाचायचा असतो, तो म्हणजे मंजूर योजनेबद्दल कंपनीने एक्स्चेंजला दिलेली घोषणा. त्यात सध्याच्या समभागांचं काय होणार ते लिहिलेलं असतं. ‘एक्स्टिंग्विश’, ‘कॅन्सल’, ‘रिडक्शन’ हे शब्द शोधा. आणि कर्जदात्यांसाठीचा दावा अर्ज भरून मिळेल म्हणून कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर देऊ नका. शेअर धरणारा हा कंपनीचा मालक असतो, कर्जदाता नव्हे. समभागांसाठी तो दावा लागत नाही.

शिक्षा म्हणून थांबलेला शेअर

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण छोट्या कंपन्यांत अडकलेली बहुतेक माणसं इथेच अडकलेली असतात.

एक्स्चेंजवर यायचं तर कंपनी काही जबाबदाऱ्या पत्करते. आज त्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या ‘लिस्टिंग ऑब्लिगेशन्स अँड डिस्क्लोजर रिक्वायरमेंट्स’ नियमांत आहेत, सगळे त्यांना एलओडीआर म्हणतात. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल, आर्थिक वर्षाचे तपासलेले निकाल ६० दिवसांत, कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता २१ दिवसांत. शिवाय कारभाराचा तिमाही अहवाल, संचालक मंडळाची आणि ऑडिट कमिटीची ठरलेली रचना, वार्षिक अहवाल, शेअर भांडवलाच्या ताळमेळाचा तपासणी अहवाल. यातल्या बहुतेक गोष्टी सलग दोन तिमाही चुकल्या, किंवा वार्षिक अहवाल सलग दोन वर्षं आला नाही, की निलंबनाची वाट उघडते. वर्षाची लिस्टिंग फी थकवली तरी एक्स्चेंज कारवाई करतं.

लोक विचारतात, कागद उशिरा दिला म्हणून एवढी शिक्षा? मला ही शिक्षा पटते, आणि का पटते ते सांगतो. एक्स्चेंजवर ठरणारा भाव माहितीवर उभा असतो. निकाल आले नाहीत, मालकी कोणाकडे आहे ते कळलं नाही, तर घेणारा आणि विकणारा दोघेही अंधारात व्यवहार करतात, आणि प्रकाश फक्त प्रमोटरकडे, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मुख्य मालकाकडे असतो. सत्यम आठवून पाहा. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी पत्र लिहून खोट्या हिशेबांची कबुली दिली. शेअरची तीन-चतुर्थांशांहून अधिक किंमत एका दिवसात गेली, तरी व्यवहार चालू राहिले. घोटाळा उघड झाला होता आणि त्या वाईट बातमीवर का होईना, भाव ठरू शकत होता. एखाद्या छोट्या कंपनीत घोटाळा नसेलही, पण ती तोंडच उघडत नाही म्हणून तिचं दार लागतं.

ही कारवाई एका रात्रीत होत नाही. १९५७ च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स नियमांतच कंपनीला लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे असं आहे. पुढे सेबीने मे २०१८ आणि जानेवारी २०२० च्या परिपत्रकांतून पायऱ्या नीट आखून दिल्या. एका काल्पनिक कंपनीवर त्या मोजून पाहू.

सप्टेंबर तिमाहीचे निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत यायला हवे होते, आले नाहीत. १५ तारखेपासून रोज ५,००० रुपये दंड सुरू झाला. ९० दिवस चालला तर साडेचार लाख, वर जीएसटी. हा पैसा एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो. एक्स्चेंज नोटीस देतं, पंधरा दिवसांची मुदत देतं. तरीही हालचाल नाही, तर प्रमोटरचे त्या कंपनीतले शेअर गोठवले जातात. ही पायरी निलंबनाच्या आधी येते, आणि यायलाच हवी. चूक प्रमोटरची असते, मग पहिला फटका त्यालाच बसला पाहिजे.

पुढे १४ फेब्रुवारी आली, डिसेंबर तिमाहीचेही निकाल नाहीत. आता सलग दोन झाले. शेअर ‘झेड’ गटात जातो, एनएसईवर ‘बीझेड’ मालिकेत. तिथे प्रत्येक व्यवहार ट्रेड-फॉर-ट्रेड असतो. सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, घेतलेल्या प्रत्येक शेअरची डिलिव्हरी घ्यावी लागते. मग २१ दिवसांची अखेरची नोटीस निघते. ठरलेल्या तारखेच्या दोन कामकाजी दिवस आधीपर्यंत कंपनीने सगळं पूर्ण केलं तर निलंबन टळतं. नाही केलं तर व्यवहार थांबतात.

म्हणजे पहिली तारीख चुकल्यापासून दार लागेपर्यंत निदान चार महिने हातात असतात. आणि हे चार महिने सगळं उघड्यावर घडत असतं.

आकडे आणि मुदती सेबी अधूनमधून बदलते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात एक्स्चेंजची नोटीस काय म्हणते तेच धरून चाला.

ते चार महिने कसे ओळखायचे

चार तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा: १४ फेब्रुवारी, ३० मे, १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर. ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत तिचे निकाल या तारखांपर्यंत आले का, एवढंच पाहायचं. एका कंपनीला दोन मिनिटं लागतात. एकदा उशीर झाला तर कंपनीने काय कारण दिलं ते वाचा. कारणच दिलं नसेल तर मी असतो तर विकून मोकळा झालो असतो.

कंपनी सेक्रेटरीकडे लोक लक्ष देत नाहीत, माझ्या अनुभवात तीच सगळ्यात खरी खूण आहे. छोट्या कंपनीत एक्स्चेंजला जाणारे हे सगळे कागद एकच माणूस भरत असतो. तो राजीनामा देतो, सहा महिने नवा माणूस येत नाही, आणि मग एकेक तारीख हुकू लागते. लेखापरीक्षकाने मुदतीआधी काम सोडलं तर त्याचं राजीनामापत्र एक्स्चेंजवर असतं, ते पूर्ण वाचा. ‘मागितलेली माहिती मिळाली नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात असेल तर ते पुरेसं आहे.

बाकी खुणा नेहमीच्याच: संकेतस्थळ बंद पडणं, नोंदणीकृत कार्यालय वारंवार बदलणं, गुंतवणूकदारांसाठीचा ईमेल परत येणं, प्रमोटरने शेअर तारण ठेवत जाणं.

संशयावरून बसलेला लगाम

हा पूर्ण निलंबनाचा प्रकार नाही, पण घरच्या गुंतवणूकदाराला त्यात फरक जाणवत नाही. भाव विनाकारण फुगलेल्या, मागे धंदा न दिसणाऱ्या शेअरवर एक्स्चेंज टप्प्याटप्प्याने लगाम आवळतं. २०१७ पासून जीएसएम आणि २०१८ पासून एएसएम या नावाच्या याद्या दोन्ही एक्स्चेंजच्या संकेतस्थळांवर आहेत. वरच्या टप्प्यांत व्यवहार अगदी मोजके होतात आणि घेणाऱ्याला जादा अनामत भरावी लागते.

७ ऑगस्ट २०१७ ला सेबीने ३३१ कंपन्यांना संशयित शेल (नुसत्या कागदावरच्या) कंपन्या ठरवून थेट शेवटच्या टप्प्यात टाकलं. व्यवहार महिन्यातून एकदा. त्या यादीत जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्सही होती, मुंबई मेट्रोची कामं करणारी. ती आणि प्रकाश इंडस्ट्रीज रोखे अपील न्यायाधिकरणात, म्हणजे सॅटमध्ये गेल्या आणि १० ऑगस्टला त्यांना स्थगिती मिळाली. तपास न करता आदेश काढला, हा मुद्दा न्यायाधिकरणाने मानला. त्या तीन दिवसांत लोकांची झोप उडाली होती, ती कोणी भरून दिली नाही. तेव्हापासून मी लोकांना सांगतो की अशा आदेशाच्या दिवशी घाबरून काही करू नका, कंपनी उत्तर काय देते आणि कुठे दाद मागते ते आठवडाभर पाहा. धंदा खरा असलेली कंपनी गप्प बसत नाही.

दार लागलं, आता काय?

शिक्षेच्या निलंबनात एक खिडकी असते आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. निलंबनानंतर १५ दिवसांनी, पुढचे सहा महिने, दर आठवड्याच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवशी त्या शेअरमध्ये ट्रेड-फॉर-ट्रेड व्यवहार करू देण्याची तरतूद आहे. सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवार. म्हणजे विकायच्या जवळपास पंचवीस संधी. सुरुवातीला ज्यांचं वाक्य सांगितलं ते काका आले तेव्हा निलंबनाला सात महिने झाले होते. त्यांनी दर आठवड्याला ऑर्डर टाकून पाहिली होती, पण फक्त शुक्रवारी, कारण त्या दिवशी त्यांचा मुलगा घरी असायचा.

खिडकी उघडी असेल तर काय करायचं ते क्रमाने सांगतो. आदल्या शुक्रवारी ब्रोकरला फोन करून त्या शेअरमध्ये ऑर्डर घेतात का ते विचारा. काही ब्रोकर झेड गटातले शेअर ॲपवर बंद ठेवतात आणि फोनवर ऑर्डर घेतात. विक्रीसाठी ओटीपीची मंजुरी किंवा डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) लागतं, ते आधीच करून ठेवा. ऑर्डर लिमिटची टाका, बाजारभावाची नको, कारण घेणारे फार थोडे असतात. भाव मनासारखा मिळत नाही. पडेल भावात विकायचं का हा निर्णय तुमचा, पण विचार करताना आपण काय दराने घेतला होता ते बाजूला ठेवा. प्रश्न एवढाच आहे की ही कंपनी सहा महिन्यांत कागद पूर्ण करेल असं तुम्हाला वाटतं का.

ते ठरवायला कंपनीला लिहा. अनुपालन अधिकाऱ्याचा ईमेल एक्स्चेंजच्या पानावर असतो. तीन गोष्टी विचारा: कोणते अहवाल बाकी आहेत, दंड भरला का, निलंबन उठवण्यासाठी अर्ज केला का आणि कधी. सोबत स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलंच नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. पॅन, डीमॅट क्रमांक, निलंबनाची तारीख आणि कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडा. तक्रारीत राग मांडू नका, मागणी मांडा. ‘निलंबन उठवण्यासाठी कंपनीने कोणती पावलं उचलली याची माहिती मिळावी’ ही मागणी आहे, ‘माझे पैसे परत द्या’ ही स्कोअर्सवर चालणारी मागणी नाही. सेबीचा टोल फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विचारतात. एक्स्चेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी यात भरपाई देत नाही. तो ब्रोकर बुडाला तर आहे, कंपनीचा शेअर अडकला तर नाही.

कंपनीने सगळं पूर्ण केलं, दंड भरला, की एक्स्चेंज निलंबन उठवतं. आधी जाहीर नोटीस निघते आणि सुरुवातीचे दिवस व्यवहार ट्रेड-फॉर-ट्रेडमध्येच होतात. पहिल्याच दिवशी उडी मारून आणखी घेऊ नका. दोन तिमाहींचे निकाल वेळेवर येताना दिसले तर पुढचा विचार करा.

या सगळ्या काळात ‘तुमचे अडकलेले शेअर चांगल्या भावाने घेतो, आधी प्रक्रियेचे थोडे पैसे भरा’ असे फोन येतात. भागधारकांची यादी कुठून तरी फुटलेली असते. शेअर घेणारा विकणाऱ्याकडून पैसे मागतो असं जगात कुठे होतं का? फोन ठेवून द्या.

सहा महिन्यांनंतर

सहा महिन्यांतही कंपनीने काही केलं नाही तर एक्स्चेंज सक्तीने नोंदणी रद्द करण्याची, म्हणजे शेअर बाजारातून कायमचा काढण्याची (डीलिस्टिंग), प्रक्रिया सुरू करू शकतं. कधी ही प्रक्रिया फार रेंगाळते. ऑगस्ट २०१७ मध्ये बीएसईने २०० कंपन्या एका झटक्यात काढल्या, त्यांचे व्यवहार दहा वर्षांहून जास्त काळ थांबलेले होते.

२०२१ च्या डीलिस्टिंग नियमांप्रमाणे आधी वृत्तपत्रात नोटीस द्यावी लागते: इंग्रजी, हिंदी आणि जिथे एक्स्चेंज आहे त्या भागाच्या भाषेत. बीएसई आणि एनएसई दोन्ही मुंबईत, म्हणून ती मराठी दैनिकात येते. आतल्या पानावर, बारीक अक्षरात. म्हणणं मांडायला निदान १५ कामकाजी दिवस मिळतात आणि साधा भागधारकही ते लेखी मांडू शकतो. निर्णय मान्य नसेल तर सॅटमध्ये अपील करता येतं, कंपनीला आणि पीडित गुंतवणूकदारालाही. मुदत निर्णयापासून १५ दिवस.

नोंदणी रद्द झाली की एक्स्चेंजने नेमलेला स्वतंत्र मूल्यांकनकार शेअरची रास्त किंमत ठरवतो आणि त्या किमतीला सामान्य भागधारकांचे शेअर घेणं प्रमोटरवर बंधनकारक असतं. तीन महिन्यांत पैसे दिले नाहीत तर वर्षाला १० टक्के व्याज. कंपनी, तिचे पूर्णवेळ संचालक आणि प्रमोटर यांना दहा वर्षं भांडवली बाजारात येता येत नाही. कागदावर हे सगळं चोख आहे. प्रत्यक्षात ज्या कंपनीकडे काहीच उरलेलं नाही तिची रास्त किंमत शून्यही निघते, आणि जो प्रमोटर निकाल द्यायला आला नाही तो पैसे द्यायला येईलच याची खात्री नसते. मी स्वतः हे पैसे मिळालेली माणसं पाहिली आहेत, पण थोडी. तरीही लेखी मागणी कराच. न मागणाऱ्याला नक्कीच मिळत नाहीत.

तोटा, खातं आणि जुने कागद

व्यवहार थांबलेत एवढ्यावरून आयकरात तोटा दाखवता येत नाही. त्यासाठी शेअरचं हस्तांतर व्हावं लागतं किंवा त्यावरचा हक्कच संपावा लागतो, डीएचएफएलमध्ये झाला तसा. आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक) गोठलेला नसेल तर बाजाराबाहेर, डीआयएस स्लिपने (शेअर दुसऱ्या डीमॅटमध्ये पाठवायची चिठ्ठी), कोणाला तरी शेअर विकता येतात. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के लागतं. किंमत खरी असावी, पैसे बँकेतून यावेत आणि आधी सीएला विचारावं. असा एखादा अडकलेला शेअर शिल्लक असेल तर डीमॅट खातं बंद होत नाही आणि वार्षिक शुल्क चालू राहतं, तेव्हाही हीच स्लिप कामी येते.

कागदी सर्टिफिकेटं असतील तर १ एप्रिल २०१९ पासून ती तशीच दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावी लागतात. कंपनीचा रजिस्ट्रार (तिच्या भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) अजून काम पाहतो का हे आधी शोधा. पुणे स्टॉक एक्स्चेंजसारखे प्रादेशिक बाजार बंद झाल्यावर फक्त तिथेच नोंदलेल्या कंपन्या डिसेमिनेशन बोर्डावर, म्हणजे अशा कंपन्यांसाठी मोठ्या एक्स्चेंजने ठेवलेल्या वेगळ्या यादीत गेल्या. तुमच्या जुन्या फायलीतली कंपनी बीएसईवर सापडत नसेल तर ती यादी पाहा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. डीमॅटला जोडलेलं बँक खातं कोणतं आहे ते पाहा. प्रमोटरचे पैसे, राहिलेला लाभांश, जे काही यायचं ते तिथेच येतं. देना बँकेचं खातं जोडलेलं ठेवून ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्याचं विसरलेले ग्राहक माझ्याकडे अजूनही येतात. जुना आयएफएससी कोड बदलायला एक फॉर्म आणि एक रद्द केलेला चेक लागतो. नॉमिनीची जागा रिकामी असेल तर तीही त्याच फेरीत भरून टाका.